नव्या कॉम्प्युटरवर टॉरंट रखडतंय? आधी जुन्यावर काय राहून गेलं ते शोधा

नेटचा प्लॅन तोच, राउटर तोच, टॉरंटही तेच. जुन्या मशीनवर सेकंदाला १० एमबीने उतरणारी फाइल नव्या, महागड्या मशीनवर ६०० केबीवर येऊन बसते. अशा वेळी बहुतेक जण क्लायंटच्या (टॉरंट उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्जमध्ये शिरतात, कुठूनतरी ट्रॅकरच्या (फाइल कोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरच्या) लांबलचक याद्या आणून चिकटवतात, कनेक्शनचा आकडा ५०० चा ५००० करतात. यातलं काहीही आधी करू नका. लाइन बदललेली नाही, तेव्हा खोट लाइनमध्ये असण्याची शक्यता कमीच. जुन्या कॉम्प्युटरसाठी कधीतरी करून ठेवलेली एखादी सोय नव्याला मिळालेली नाही, नाहीतर नव्याबरोबर नको ते काहीतरी घरात आलंय.

खालचं सगळं विंडोज ११ आणि क्यूबिटटॉरंट हा क्लायंट धरून लिहिलंय. यूटॉरंट सवयीने वापरत असाल तर नव्या मशीनवर ते टाकूच नका. जाहिराती तर आहेतच, शिवाय २०१५ मध्ये त्याच्या इन्स्टॉलरबरोबर एपिक स्केल नावाचा क्रिप्टो मायनर येत असल्यावरून बराच गदारोळ झाला होता. क्यूबिटटॉरंट फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. फक्त ते त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

किती स्पीड यायला हवा, हे आधी ठरवू. नेटवाला सांगतो ते मेगाबिट, क्लायंट दाखवतो ते मेगाबाइट. ८ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर क्लायंटमध्ये ११ ते ११.५ दिसलं की लाइन पूर्ण भरली, त्यापुढे काही मिळणार नाही. ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर साडेचार म्हणजे उत्तम. काही तक्रारी इथेच मिटतात.

मग चाचणीसाठी योग्य टॉरंट घ्या. दोन सीडर (पूर्ण फाइल जवळ असलेले आणि ती वाटणारे) असलेल्या जुन्या फाइलवर कॉम्प्युटरची परीक्षा घेण्यात अर्थ नाही, समोरचाच सावकाश देत असेल तर तुम्ही काय करणार? उबंटू किंवा डेबियन या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताज्या आवृत्तीचा आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) टॉरंटने घ्या. कायदेशीर आहे, सीडर भरपूर असतात, आणि डाउनलोड झाल्यावर पुसून टाकता येतो. उबंटूचा डेस्कटॉप आयएसओ साधारण ६ जीबीचा. १०० च्या लाइनवर तो नऊ-दहा मिनिटांत उतरायला हवा.

तो चालू असताना सीड्सचा रकाना बघा. तिथे ३ आणि कंसात ४५० असं काहीतरी दिसेल. बाहेरचा आकडा म्हणजे तुमच्याशी प्रत्यक्ष जोडलेले, कंसातला म्हणजे झुंडीत (हे टॉरंट देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या घोळक्यात) असलेले एकूण सीडर. निदानाचा अर्धा भाग या दोन आकड्यांत आहे. कंसात शेकडो आणि बाहेर दोन-तीनच असतील, तर जोडणीच होत नाहीये: फायरवॉल (नेटवरची ये-जा अडवणारा पहारेकरी), पोर्ट (प्रोग्रॅमचं क्रमांक असलेलं दार), अँटीव्हायरस, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेवा) यांपैकी कोणीतरी आडवं येतंय. बाहेरही पन्नास-साठ असतील आणि तरी स्पीड नसेल, तर जोडणी ठीक आहे, माल कुठेतरी अडतोय: वायफाय, केबल, डिस्क किंवा एखादी मर्यादा. उबंटू सुसाट उतरला आणि फक्त तुम्हाला हवी ती फाइल रखडली, तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. त्या फाइलला सीडर नाहीत, आणि त्यावर जगात कुठलंही सेटिंग नाही.

आधी दोन फुकटच्या गोष्टी

क्यूबिटटॉरंटच्या तळपट्टीवर स्पीडोमीटरचं एक छोटं चित्र असतं. चुकून त्यावर क्लिक झालं की पर्यायी स्पीड मर्यादा लागू होते, आणि ती मुळात ठरवलेली असते सेकंदाला १० केबी. स्पीड १० केबीच्या आसपास घुटमळत असेल तर दुसरीकडे कुठेही बघू नका, हेच आहे. परत एकदा क्लिक करा.

दुसरं, व्हीपीएन. नव्या लॅपटॉपवर ब्राउझरबरोबर, अँटीव्हायरसबरोबर किंवा कोणीतरी सांगितलं म्हणून व्हीपीएन आलेलं असतं आणि ते आपोआप चालू होतं. ते बंद करून बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवण्याचा आदेश काढल्यावर बऱ्याच परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे तुमचा प्रत्येक बाइट सिंगापूर किंवा त्याहून लांब जाऊन परत येत असतो. शिवाय बहुतेक व्हीपीएन बाहेरून येणारं पोर्ट उघडून देत नाहीत. मुलव्हाडसारख्या नावाजलेल्या सेवेनेही ही सोय २०२३ मध्ये बंद केली.

केबल आणि वायफाय

जुनं मशीन केबलने जोडलेलं होतं आणि नवा लॅपटॉप वायफायवर आहे, हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडून चालू जोडणीचे तपशील बघा. तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. तो इंटरनेटचा स्पीड नाही, तुमचं मशीन आणि राउटर यांच्यामधला आहे.

वायफायवर ७२ दिसलं तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर एकाच अँटेनाने बोलताय. प्रत्यक्ष हाती त्याच्या निम्मं लागतं, म्हणजे साडेचार एमबीच्या वर काही जाणार नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये तेवढंही मिळत नाही, कारण २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि वरखालचे सगळे शेजारी त्याच तिघांत दाटीवाटीने बसलेले. ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर जा. तिथे दोन अँटेनांना ८६६ किंवा १२०१ असा लिंक स्पीड दिसतो. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर ५ ला वेगळं नाव द्या, म्हणजे लॅपटॉप आपल्या मनाने खाली घसरणार नाही.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपच्या बाबतीत एक हास्यास्पद पण खरी गोष्ट तपासा: मदरबोर्डच्या खोक्यात वायफायच्या दोन अँटेना येतात, त्या मागे स्क्रूने बसवाव्या लागतात. दुकानदार बऱ्याचदा खोकं तसंच हातात देतो. अँटेनाशिवायही वायफाय चालतं, पण राउटर त्याच खोलीत असेल तरच, आणि तेही जेमतेम.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लॅपटॉपला खेटून ठेवली असेल तर ती लांब करा. यूएसबी ३ च्या केबलमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर निबंध काढला होता. म्हणजे टॉरंट ज्या डिस्कवर उतरवताय तीच वायफाय मारत असते.

केबल असेल तर लिंक स्पीड १००० दिसला पाहिजे. १०० दिसत असेल तर केबलमधल्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली किंवा क्रिंपिंग करताना नीट न बसलेली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून यंत्रं गुपचूप खाली उतरतात आणि काही बिघडलंय असं वाटतही नाही. ३०० एमबीपीएसचा प्लॅन आणि डाउनलोडचा आलेख ११ एमबीवर पट्टीने आखल्यासारखा सपाट, ही याची खूण. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तयार केबल घ्या. बारीक लॅपटॉपला लॅनचं छिद्रच नसतं, मग यूएसबीचं डोंगल येतं, आणि स्वस्तातली डोंगल १०० चीच असतात. खोक्यावर गिगाबिट आणि यूएसबी ३ या दोन्ही गोष्टी छापलेल्या आहेत का ते पाहूनच विकत घ्या.

फायरवॉलला 'कॅन्सल' म्हटलं होतं का?

क्लायंट पहिल्यांदा उघडला की विंडोज विचारतं, याला नेटवर्कवर परवानगी द्यायची का? घाईत बरेच जण कॅन्सल दाबतात. कॅन्सल म्हणजे 'नंतर बघू' असं आपल्याला वाटतं. विंडोजला तसं वाटत नाही. ते त्या प्रोग्रॅमच्या नावाने अडवणारे नियम लिहून ठेवतं, टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धतींचे वेगवेगळे. नंतर तुम्ही परवानगीचा नियम घातलात तरी अडवणारा नियम वरचढ ठरतो. त्यामुळे 'परवानगी दिली, तरी तेच' असा प्रकार होतो.

डाउनलोड पूर्ण थांबत नाही हीच यातली फसवी बाजू. तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्या चालूच राहतात, फक्त बाहेरून आत येणाऱ्या अडतात. म्हणून थोडं थोडं येत राहतं आणि संशय नेटवाल्यावर जातो.

स्टार्टमध्ये फायरवॉल शोधून अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटीवाली खिडकी उघडा, इनबाउंड रूल्समध्ये जा. क्यूबिटटॉरंटच्या नावापुढे लाल खूण असलेले नियम सगळे डिलीट करा. मग क्लायंट बंद करून पुन्हा उघडा आणि या वेळी अलाउ म्हणा. विचारलंच नाही तर नियम हाताने घाला. इन्स्टॉलरमध्येही फायरवॉल नियम घालण्याचा पर्याय असतो, त्यावर टिक करून पुन्हा इन्स्टॉल केलं तरी चालतं. आणखी एक: विंडोज ११ नव्या नेटवर्कला आपोआप पब्लिक ठरवतं. तुमची परवानगी फक्त प्रायव्हेटपुरती असेल तर ती लागूच होत नाही. घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करा. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, आणि राउटरमधल्या डीएमझेडमध्ये (जिथे सगळी पोर्ट बाहेरून उघडी असतात) कॉम्प्युटर टाकण्याचा तर मुळीच नाही.

लॅपटॉपबरोबर आलेला तीस दिवसांचा अँटीव्हायरस स्वतःची वेगळी फायरवॉल घेऊन येतो आणि विंडोजची बाजूला सारतो. विकत घ्यायचा नसेल तर तो काढून टाका आणि रीस्टार्ट करा. नुसता पॉज केल्याने त्याचे नेटवर्कवरचे फिल्टर जातीलच असं नाही.

पोर्ट अजून जुन्याच कॉम्प्युटरकडे जातंय

खरं दुखणं बऱ्याचदा इथेही असतं. बाहेरचा एखादा पीअर (तेच टॉरंट वापरणारा दुसरा कॉम्प्युटर) तुमच्या घराच्या आयपीवर (नेटवरच्या पत्त्यावर) येतो तेव्हा राउटरला कळायला हवं की हे घरातल्या कोणत्या यंत्रासाठी आहे. कधीकाळी तुम्ही किंवा घरातल्या कोणी राउटरमध्ये लिहून ठेवलेलं असतं: अमुक पोर्टवर आलेलं १९२.१६८.१.५ ला पाठव. १९२.१६८.१.५ होतं जुनं मशीन. नव्याला मिळालं १९२.१६८.१.१२. राउटर बिचारा अजून कपाटात ठेवलेल्या कॉम्प्युटरकडे माणसं पाठवतोय.

त्यात नव्याने टाकलेल्या क्यूबिटटॉरंटने पोर्टही वेगळंच निवडलेलं असतं. तेव्हा असं करा. ऑप्शन्समध्ये कनेक्शन उघडा. ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही एक आकडा पोर्ट म्हणून टाका. ६८८१ ते ६८८९ हे जुने ठरलेले पोर्ट टाळा, काही ठिकाणी तेच अडवतात. दर वेळी वेगळं पोर्ट घेण्याचा पर्याय चालू असेल तर काढा. मग राउटरच्या पानावर जाऊन नव्या कॉम्प्युटरला डीएचसीपी रिझर्व्हेशनने कायमचा आयपी द्या. त्यासाठी मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) लागतो, आणि लॅन व वायफायचे मॅक पत्ते वेगळे असतात. ज्याने जोडणार त्याचाच घ्या. विंडोजमध्ये रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस चालू असेल तर बंद करा, नाहीतर रिझर्व्हेशन लागू होणार नाही. शेवटी जुना फॉरवर्डिंगचा नियम काढून नवा घाला, टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी. फक्त टीसीपी केलं तर डीएचटी (ट्रॅकरशिवाय पीअर शोधण्याची सोय) आणि यूटीपी (टॉरंटची डेटा पाठवायची एक पद्धत) बाहेरच राहतात, कारण ते दोन्ही यूडीपीवर चालतात.

हे सगळं हाताने नको असेल तर यूपीएनपी आहे. राउटर आणि क्लायंट दोन्हीकडे ते चालू केलं की क्लायंट आपलं पोर्ट स्वतः मागून घेतो. सोयीचं आहे, पण घरातलं कुठलंही उपकरण न विचारता दार उघडू शकतं. मला हाताने केलेलं जास्त पसंत आहे.

झालं का ते तपासताना क्लायंट चालू ठेवा. ऐकणारा प्रोग्रॅमच बंद असेल तर पोर्ट तपासणारी साइट 'बंद' असंच सांगणार, आणि लोक तासभर राउटरशी भांडत बसतात. क्लायंटमध्येही कळतं: पीअर्सच्या यादीत फ्लॅग्सच्या रकान्यात मोठा आय असलेला एक जरी दिसला तर बाहेरून माणूस आत आला, पोर्ट उघडं आहे. त्याच रकान्यात लहान लिपीतला डी म्हणजे तुम्हाला हवंय पण समोरचा देत नाहीये.

सगळं बरोबर करूनही पोर्ट बंदच दाखवत असेल तर राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (नेटवाल्याकडून राउटरला मिळालेला) आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा आयपी ताडून बघा. ते जुळत नसतील आणि वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल, तर नेटवाल्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवलंय. याला सीजीनॅट म्हणतात. आपल्याकडच्या स्थानिक केबलवाल्यांकडे आणि मोबाइल डेटावर हे सर्रास असतं. तुमच्या राउटरमध्ये काहीही केलंत तरी वरचं दार तुमच्या हातात नाही. नेटवाल्याकडे स्टॅटिक (कायमचा, स्वतंत्र) आयपी मागा, त्याचे वेगळे पैसे पडतात. वॅनचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी: फायबरचा डबा स्वतःच राउटर म्हणून चालतोय आणि मागे तुमचा दुसरा राउटर आहे. डब्याला ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता नुसती लाइन पुढे द्यायला) टाकून घ्या किंवा दोन्हीकडे फॉरवर्डिंग करा.

सीजीनॅट असलं म्हणून हातपाय गाळायची गरज नाही. तुम्ही बाहेर जाऊन उघड्या पीअर्सशी जोडले जाऊ शकता, त्यामुळे गर्दीच्या टॉरंटवर पूर्ण स्पीड येतो. अडतं ते दोन-चार सीडरच्या टॉरंटवर, जिथे समोरचाही बंद दाराआड बसलेला असतो. पण लक्षात घ्या, सीजीनॅट जुन्या कॉम्प्युटरलाही होतं. फक्त नव्यावरच त्रास असेल तर दोष याच्या माथी मारू नका.

जुनी सेटिंग्ज उचलून आणली असतील तर

काही जण क्यूबिटटॉरंटचं जुनं फोल्डर जसंच्या तसं नव्या मशीनवर टाकतात. यादी येते, पण एक खोडही येते. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये नेटवर्क इंटरफेस नावाचा पर्याय आहे. जुन्या मशीनवर तो एखाद्या व्हीपीएनला किंवा ठरावीक कार्डाला बांधलेला असेल, तर ते कार्ड नव्यात नसतंच. क्लायंट नसलेल्या दारातून बाहेर पडायला बघतो आणि सगळं शून्यावर थांबतं. तिथे एनी इंटरफेस निवडा.

अपलोडची मर्यादाही अशीच वारशात येते. कुणी कधी अपलोड ५ केबीवर बांधून ठेवलेला असतो, 'आपलं नेट दुसऱ्याला कशाला' म्हणून. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरंट आणलं तेव्हापासून त्याचा हिशेब देवाणघेवाणीचा आहे. डाउनलोड करणारे पीअर दर १० सेकंदांनी बघतात की आपल्याला कोण जास्त देतंय, आणि त्यालाच देतात. फुकट संधी म्हणून ३० सेकंदांनी एखाद्या नव्याला घेऊन बघतात, तेवढंच. सीडर भरपूर असतील तर हे जाणवत नाही, कमी असतील तर जबर जाणवतं. उलट अपलोड पूर्ण मोकळा सोडला आणि लाइनचा अपलोड लहान असेल, तर डाउनलोडच्या पोहोचपावत्याच रांगेत अडकतात. अपलोडच्या ८० टक्क्यांवर मर्यादा ठेवा: ५ एमबीपीएस अपलोड असेल तर सेकंदाला ५०० केबी. दोन्ही बाजूंनी १०० देणाऱ्या फायबरवर ही चिंता नाही.

नव्या मशीनच्या पहिल्या एक-दोन दिवसांत विंडोज अपडेट, स्टोअरची अ‍ॅप आणि वनड्राइव्हचा बॅकअप एकदम चालू असतात. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वर चढवत असतं, आणि अपलोड भरला की वर सांगितलेलाच घोळ. रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये कोण किती खातंय ते दिसतं. लॅपटॉपवर किलर किंवा स्मार्टबाइट अशा नावाचं 'नेटवर्क हुशार करणारं' सॉफ्टवेअर असेल तर ते गेम आणि व्हिडिओला पुढे काढून टॉरंटला मागे ढकलतं. ते काढल्याने काही बिघडत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मात्र मशीनच्या कंपनीच्या पानावरून ताजा घालून घ्या.

डिस्कवर संशय शेवटी घ्यावा. नव्या मशीनमधला एसएसडी १०० किंवा ३०० एमबीपीएसला हसत पुरतो. पण फाइल जुन्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवत असाल तर टॉरंटचे तुकडे वाट्टेल त्या क्रमाने येतात, आणि तसं विखुरलेलं लिहिणं त्यांना झेपत नाही. स्पीड दहा सेकंद वर, दहा सेकंद शून्य असा उड्या मारत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये ती डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर अपुऱ्या फाइली एसएसडीवर ठेवायचा पर्याय डाउनलोड्समध्ये चालू करा. पूर्ण झाली की क्लायंट ती स्वतः हलवतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर मावतच नाही, तिथे एररच येईल.

कनेक्शनच्या आकड्यांना हात लावायचाच असेल तर वाढवू नका, कमी करा. एकूण ५०० आणि टॉरंटमागे १०० हे मूळचे आकडे. नेटवाल्याने दिलेला साधा राउटर त्यानेच दमतो, टॉरंट लावलं की घरातल्या सगळ्यांचं नेट अडखळतं. २०० आणि ५० करून बघा. टीसीपीआयपी.सिस नावाची फाइल पॅच करण्याचा सल्ला अजून फिरतो. तो २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ साठी होता, जिथे एका वेळी १० च अर्धवट जोडण्या चालायच्या. विंडोज ७ पासून ती मर्यादाच नाही. असा पॅच आज कोणी देत असेल तर त्यातून येईल तो व्हायरस.

आणि रात्री लावलेलं टॉरंट सकाळी २२ टक्क्यांवरच दिसत असेल तर स्पीडचा प्रश्नच नाही, लॅपटॉप झोपला होता. ऑप्शन्समध्ये बिहेवियरखाली डाउनलोड चालू असताना कॉम्प्युटरला झोपू न देण्याचा पर्याय आहे, त्यावर टिक करा, आणि चार्जर लावून ठेवा. झाकण लावल्यावर काय करायचं ते मात्र विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये वेगळं 'डू नथिंग' करावं लागतं.